सात इंची सिगारची परीक्षा

सोमवार, ३ मार्च

एकवीस वर्षांत मी चारशेच्या वर वस्तू तपासल्या. गाद्या, छत्र्या, कुकर, बुटांचं पॉलिश, दाराच्या कड्या. गादीवर झोपून, छत्री नळाखाली धरून, कडी दोनशे वेळा लावून-काढून मी गुण दिले आणि मासिकाने ते छापले. 'शंभरपैकी' हे माझं सदर वाचूनच लोक खरेदीला बाहेर पडतात, अशी माझी समजूत आहे. आमच्या संपादकबाईंची तशी नाही. त्या आल्यापासून सदराच्या दोन पानांची दीड झाली, दिडाचं एक झालं. आज त्यांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा वाटलं, आता अर्धं.

पण त्यांनी एक लाकडी पेटी पुढे सरकवली. आत पाच सिगार. एकेक सात इंच लांब आणि माझ्या अंगठ्याहून जाड.

"शहराबाहेरचा जुना सिगारचा कारखाना परत सुरू होतोय," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं बंद होता. हा त्यांचा सगळ्यात भारी माल. एप्रिलच्या अंकात चार पानं देते. तुम्ही चाखायचा, तपासायचा, गुण द्यायचे."

"चार पानं?"

"चार. जमलं तर सदर राहील. नाही तर त्या जागी राशिभविष्य. तुम्ही ओढता ना सिगार?"

"अधूनमधून," मी म्हणालो.

हे खोटं आहे. कॉलेजात एकदा सिगारेट ओठांत धरली होती, तीही न पेटवलेली, फोटोपुरती.

घरी पेटी टेबलावर ठेवली. आमची ही, म्हणजे बायको, दातांची डॉक्टर. तिने झाकण उघडलं, बंद केलं आणि म्हणाली, "खुशाल ओढा. फक्त नंतर तोंड उघडून माझ्यासमोर बसू नका."

आईची मला जास्त धास्ती होती. शहात्तर वर्षांची बाई, उदबत्तीचा धूरसुद्धा खिडकीकडे वळवते. पण एक सिगार उचलून तिने कानापाशी नेला, बोटांत हलकेच फिरवला आणि म्हणाली, "कोरडा पडलाय." मग ओलं फडकं पिळून एका वाटीत ठेवलं आणि ती वाटी पेटीत ठेवून झाकण लावलं. आईला जगातल्या प्रत्येक वस्तूवर ओलं फडकं हाच इलाज सुचतो. मी वाटी तशीच राहू दिली. म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं.

बुधवार, ५ मार्च

तीनदा तपासल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत, हा माझा नियम. त्याप्रमाणे आज पहिली तपासणी. सकाळी दहा वाजता गॅलरीत खुर्ची, टेबल, वही, फूटपट्टी, घड्याळ, पाण्याचा तांब्या अशी सगळी मांडामांड केली. लांबी सात इंच बरोबर. रंग: माझ्या ऑफिसच्या बॅगेसारखा, पण बॅग नवी होती तेव्हाचा. मग नेलकटरने टोक कापलं, काडी लावली आणि छाती भरून दम घेतला.

यापुढची नोंद दुपारी चार वाजता लिहीत आहे.

आमच्या न्हाणीघराच्या फरशीची मी कधी तपासणी केली नव्हती. थंडपणाला दहापैकी दहा. गालाला लागणाऱ्या गुळगुळीतपणाला नऊ. सिगारच्या तक्त्यात मात्र 'चव' या रकान्यात 'नोंद घेता आली नाही' एवढंच लिहिता आलं.

आई दारात उभी राहून म्हणाली, "उलटा पेटवलास. टोपी असते ते बंद टोक कापायचं आणि दुसरं पेटवायचं. तू टोपीच जाळलीस. आणि धूर गिळतात का? धूर म्हणजे दारावर आलेलं माणूस. बाहेरच्या खोलीत बसवायचं, दोन शब्द बोलायचे, वाटेला लावायचं. आत घ्यायचं नाही."

वाक्य बरं आहे. वहीत टिपून ठेवलं. आई दुपारी टीव्हीवर काहीबाही बघत असते, त्यातलं असावं.

शुक्रवार, ७ मार्च

जाणकार लोक सिगारच्या चवीबद्दल काय लिहितात ते वाचलं. 'ओलं चामडं, देवदार, कोको, मिरी, जुनं ग्रंथालय.' एवढं सगळं एका तोंडात मावतं कसं?

तरी अभ्यास सोडला नाही. देवदारासाठी पेन्सिल तासून हुंगली. मिरीसाठी मिरी हुंगली, आणि अर्धा तास त्यातच गेला. चामड्यासाठी ऑफिसात बॅगेत नाक खुपसून बसलो होतो तेवढ्यात संपादकबाई आल्या.

"काही हरवलंय का?"

"चव शोधतोय," मी म्हणालो.

त्या आल्या पावली परत गेल्या.

रविवार, ९ मार्च

दुसरी तपासणी. आईने सांगितलं तसं टोपीकडून कापला, पण कापताना वरचं पान फाटलं आणि फाटत फाटत मधोमध आलं. बघवत नव्हतं. तक्त्यात 'टिकाऊपणा: सुमार' असं लिहायला घेतलं, तर आई म्हणाली, "तुझ्या हाताचे गुण त्याला कशाला देतोस? आण इकडे."

परवाच्या जळक्या सिगारचं वरचं पान तिने सोडवलं. वाफेवर धरून मऊ केलं. त्यातला नखाएवढा तुकडा कापला, डिंकाच्या पाण्याचं बोट फिरवलं आणि फाटलेल्या जागी असा काही बसवला की मला भिंगातून बघूनही जोड सापडेना. हे सगळं माझ्या चष्म्याची काच पुसून होईपर्यंत. आईचं शिवणकाम पहिल्यापासून चांगलं आहे.

मग सिगार दोन बोटांत धरून तिने तीन ठिकाणी दाबला. "पोट घट्ट आणि मान सैल. घाईत वळलाय." पेटीतले उरलेले तीन एकेक करून तळहातावर घेतले आणि त्यातला एक बाजूला काढला. "हा पानभर हलका आहे."

खात्री करावी म्हणून मी तो आणि उरलेल्यांतला एक स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिले. दोन ग्रॅमचा फरक! आमचा काटा इतका अचूक आहे हे बघून समाधान वाटलं. त्याला ब्याण्णव गुण मीच दिले होते.

आज धूर बाहेरच्या खोलीत बसवायला जमलं. वीस मिनिटं टिकलो. चव: बुटाचं पॉलिश, तपकिरी. काळं नव्हे.

गुरुवार, १३ मार्च

तिसरी तपासणी. अर्धा दिवस रजा घेतली. दुपारी आई समोर पालेभाजी निवडत बसली होती. मी मिनिटाला एक झुरका या हिशोबाने घड्याळ लावून ओढत होतो. पाऊण तासाने विचारात पडलो आणि सिगार विझला.

"दे इकडे," आई म्हणाली.

मला वाटलं, फेकून देते. तिने राख झटकली नाही, टेकवून अलगद पाडली. काडी पेटवून ती लांबूनच फिरवत टोक आधी शेकून घेतलं. मग एक झुरका घेतला. एकच. डोळे मिटले. धूर तिच्या तोंडातून इतक्या सावकाश बाहेर आला, जणू त्याला जायचंच नव्हतं.

"आधी तिखट येतं," ती म्हणाली. "मग गोड. शेवटी माती. माती लागली की ठेवून द्यायचा, लोभ करायचा नाही. पण ह्यातलं गोड फार लवकर संपतं. पान अजून एक उन्हाळा मुरायला हवं होतं. हात चांगला आहे, धीर नाही."

मी भराभरा लिहून घेतलं. मग विचारलं, "आई, तुला हे कसं कळतं गं?"

"एवढं वय झालं, काहीतरी कळणारच की," असं म्हणून ती परत भाजी निवडायला लागली.

ही नुकतीच दवाखान्यातून आली होती. दारात उभी राहून तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'मी रोज दोनदा दात घासतो' असं सांगणाऱ्या पेशंटकडे ती बघते, तसं.

गुण: शंभरपैकी एकाहत्तर.

सोमवार, १७ मार्च

लेख दिला. मोकळेपणाने लिहायचं तर त्यात चांगली म्हणावीत अशी नऊ वाक्यं आहेत आणि नऊच्या नऊ आईची आहेत. बाकी लांबी-रुंदी माझी. काल दिवसभर मन खात होतं. पण मग विचार केला, मुलाने आईची वाक्यं वापरायची नाहीत तर कोणाची? मातृभाषा म्हणतात ती उगीच का?

संपादकबाई वाचता वाचता सरळ होऊन बसल्या. "हे तुम्ही लिहिलंत?"

"अक्षर माझंच आहे," मी म्हणालो. हे मात्र खरं.

"लेख सुरेख आहे. पण एकाहत्तर? नव्वद तरी करा. कारखान्याची जाहिरात आहे अंकात."

मी नाही म्हणालो. कोणाच्या सांगण्यावरून मी आजवर एक गुण इकडचा तिकडे केलेला नाही. हिच्या भावाच्या छत्र्यांना चार वाढवले होते तेवढे सोडून.

बुधवार, २ एप्रिल

अंक आला. संपादकबाई माझ्याशी बोलत नाहीत. राशिभविष्यवाला दोनदा ऑफिसात येऊन माझ्या टेबलाकडे बघून गेला. त्याने स्वतःचं भविष्य पाहिलेलं दिसतंय.

शनिवार, ५ एप्रिल

कारखान्याच्या मालकांचा फोन. साठीचा आवाज. आता माझी हजेरी घेणार म्हणून मी उभा राहूनच फोन घेतला.

"पोट घट्ट आणि मान सैल," ते म्हणाले. "हे शब्द कुठे मिळाले तुम्हाला?"

"अनुभवाने."

"हे शब्द फक्त आमच्या वळणाऱ्या बायका वापरायच्या. माझ्या वडिलांच्या काळात. मी लहान होतो, पानांच्या पोत्यांवर बसून ऐकायचो. पन्नास वर्षांत पुन्हा कानावर पडले नव्हते. आणि पान एक उन्हाळा कमी मुरलंय, तेही खरं आहे. मी घाई केली. हे ओळखणारा माणूस मला भेटायलाच हवा."

पुढच्या शनिवारी कारखान्याचं उद्घाटन. पाहुण्यांसमोर बिनपट्टीचे, म्हणजे वर नावाची कागदी पट्टी नसलेले, तीन सिगार ठेवणार, आणि मी फक्त हातात घेऊन प्रत्येकाचा दोष सांगायचा.

मी हो म्हणालो. का म्हणालो ते देवाला माहीत. कोणी 'तुमच्यासारखा माणूस' म्हटलं की माझी जीभ आपोआप हो म्हणते.

संपादकबाईंनी ऐकल्याबरोबर फोटोग्राफर ठरवला. सदर आता तीन पानांचं करू म्हणाल्या.

रविवार, ६ एप्रिल

भूक नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

उरलेले दोन सिगार दिवसभर दाबून बघितले. मला दोन्ही सारखेच लागतात. आता त्यांची मानही सैल झाली आहे आणि पोटही.

शेवटी आईला म्हणालो, "तू चल ना बरोबर. शेजारी उभी राहा आणि हळूच कानात सांग."

भांडी पुसत होती ती थांबली. "मी त्या फाटकातून आत येणार नाही."

"अगं, पण का?"

"नाही म्हटलं ना."

फाटक आहे हे आईला कसं माहीत? अर्थात, कारखान्याला फाटक असतंच.

हे मी हिला सांगितलं, तर हिने हातातला पेला खाली ठेवला. "अहो, चारशे वस्तू तपासल्यात तुम्ही. भिंग लावून, फूटपट्टी लावून. एकदा आईंकडे बघा जरा."

"रोजच बघतो की."

"बघत नाही. त्या असतात आणि तुम्ही असता."

मला राग आला. पण तो कशाचा होता, हे सांगता येणार नाही.

गुरुवार, १० एप्रिल

आज बघितलं.

आई खिडकीशी बसून पेपर वाचत होती. मी समोर जाऊन बसलो आणि तिचा उजवा हात हातात घेतला. अंगठ्याचं पेर चपटं आहे, घासून घासून दगड झिजावा तसं. तर्जनीची आतली बाजू कडक. पन्नास वर्षं या हाताने मला जेवायला वाढलं, आणि मी तो पहिल्यांदा पाहत होतो.

"तू तिथे कामाला होतीस," मी म्हणालो.

"उशीर केलास," ती म्हणाली. "सुनेला पेटी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

मग तिने सांगितलं. वडील गेले तेव्हा ती चौदा वर्षांची होती, पाठची दोन भावंडं. कारखान्यात बायकांची लांब टेबलं होती. आधी देठ काढायचं काम, मग भरण, मग वळण, आणि सगळ्यात शेवटी वरचं पान लावायचं. अठराव्या वर्षी ते तिच्याकडे आलं. पान हातावर घेतलं की वजन कळायचं, म्हणून तिला सगळे 'काटा' म्हणायचे. आठ वर्षं ती तिथे होती. बाविसाव्या वर्षी लग्न ठरलं ते शाळामास्तरांच्या घरात. होणाऱ्या सासूने अट घातली: मुलगी कारखान्यात जात होती, हे कोणाच्या कानावर जाता कामा नये.

"वर्षभर लिंबाने हात चोळत होते," आई म्हणाली. "पानाचा वास बोटांतून जाता जाईना. तुझ्या आजीसमोर हात पदराखाली."

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं मी. ते बोटं हुंगायचे माझी. म्हणायचे, इतकी चोळू नकोस, मला आवडतो हा वास." तिने पेपरची घडी घातली. "मग एक दिवस गेला तो वास. दोघांनाही चुकल्यासारखं झालं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या बाबांची इच्छा. मुलगा मोठा साहेब होईल, त्याला कशाला खाली बघायला लावायचं."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी मोठा साहेब झालेलो नाही, हे दोघांनाही एकदमच आठवलं असावं, कारण आई हसायला लागली आणि मग मीही.

फाटकाचंही सांगितलं तिने. शेवटच्या दिवशी मैत्रिणींचा निरोप घेतला नाही. लग्नाचं बोलायचं नव्हतं ना. रोजच्यासारखं 'उद्या येते गं' म्हणाली आणि निघाली. "त्यातली एखादी जिवंत असेल आणि भेटली, तर काय सांगू? चोपन्न वर्षं झाली त्या उद्याला."

हे लिहिताना मला माझ्या नऊ वाक्यांची लाज वाटते आहे. मातृभाषा वगैरे बाष्कळपणा होता. ती चोरी होती. तिने आयुष्यभर जे लपवलं ते मी उचललं, आणि खाली आपलं नाव घातलं.

शनिवार, १२ एप्रिल

आज सगळं लिहायचं म्हणतो.

आई गाडीत बसून आली, पण फाटकाबाहेरच थांबणार या अटीवर. ही तिच्याबरोबर थांबली. मी एकटाच आत गेलो. मोठा मांडव, दीडेकशे माणसं, पहिल्या रांगेत संपादकबाई, समोर कॅमेरा. मालक उंच, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून असा हलवला की मला पळून जावंसं वाटलं.

टेबलावर तीन सिगार. मी पहिला उचलला. दीडशे माणसं श्वास रोखून बसली होती आणि मला हातात फक्त माझाच घाम लागत होता.

सिगार खाली ठेवून मी म्हणालो, "तो लेख माझा नाही. त्यातली फक्त लांबी माझी आहे. बाकी सगळं माझ्या आईचं."

काय झालं असेल? टाळ्या! माणूस किती विनयशील, म्हणून टाळ्या. एक गृहस्थ डोळे पुसत होते. मी घाबरून ओरडलो, "अहो, खरंच! मला सिगारमधलं ओ की ठो कळत नाही! पहिला मी उलटा पेटवला होता!" तर हशा. संपादकबाई सगळ्यांत मोठ्याने हसत होत्या, पण त्यांचे डोळे हसत नव्हते.

मालक तेवढे हसले नाहीत. जवळ येऊन हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आई कुठे आहेत?"

"बाहेर. गाडीत."

आम्ही दोघं फाटकाकडे गेलो. गाडीत ही एकटीच, मासिक वाचत. "त्या आत गेल्या," ती म्हणाली. "गाडीत बसल्या बसल्या त्यांना वास आला. म्हणाल्या, पान ओलं ठेवलंय ह्यांनी, आणि दार उघडून निघाल्याच."

वळणाच्या दालनात नव्या मुली टेबलांशी बसल्या होत्या. आई एकीच्या मागे उभी होती, कमरेला पदर खोचलेला. "अगं, गळा दाबतेस त्याचा. श्वास घेऊ दे की त्याला. ही बघ, अशी चिमूट."

मालक जागच्या जागी थांबले. "काटामावशी?"

आईने वळून त्यांना खालून वर पाहिलं. "पोत्यावरून पडला होतास तो तूच ना? हनुवटीवर खूण असेल बघ."

साठ वर्षांच्या त्या माणसाने सगळ्या मुलींसमोर हनुवटी वर केली. खूण होती.

मैत्रिणींपैकी आता कोणी नाही, हे त्यांनीच सांगितलं. शेवटची दोन वर्षांपूर्वी गेली. आईने ज्या टेबलाशी उभी होती त्याच्या कडेवरून एकदा हात फिरवला. मग विचारलं, "परीक्षा कसली होती म्हणे?"

तीन सिगार तिथेच आणवले. पाहुणेही मागोमाग आले. आईने पहिला तळहातावर घेतला. "हा बरा आहे. देठ एक राहिलाय आत." दुसरा. "घाईत." तिसरा हातात घेतला आणि तिचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा झाला. "हा कोणी वळला?"

मालक खाली बघत म्हणाले, "मी."

"तू हिशोब बघ," आई म्हणाली.

मंगळवार, २२ एप्रिल

संपादकबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. मी राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. त्यांनी म्हटलं, मेच्या अंकात दुरुस्ती छापायची: लेख कोणाचा, ते स्पष्ट. मी म्हटलं, मीच लिहून आणलीय. त्यांनी वाचली आणि चष्मा काढला. "ही लेखापेक्षा बरी आहे," म्हणाल्या. "सदर राहू दे. एक पान." राजीनामा खिशातच राहिला आणि घरी धुण्यात गेला.

आई आता मंगळवारी आणि शुक्रवारी कारखान्यात जाते, मुलींना शिकवायला. संपादकबाईंनी तिला सदरात जोडीने लिहिण्याबद्दल विचारलं होतं. आई म्हणाली, "मला गादीतलं काही कळत नाही."

ही तिची बोटं बघून म्हणाली, "आई, वास यायला लागला की पुन्हा." आईने बोटं नाकाशी नेली आणि गॅलरीत जाऊन बराच वेळ बसली. आम्ही दोघंही मग तिकडे गेलो नाही.

रविवार, ४ मे

आईने शुक्रवारी तिचा स्वतःचा सिगार आणला. चोपन्न वर्षांनंतरचा पहिला. कागदात गुंडाळलेला, सात इंची, बिनपट्टीचा. "तपास," म्हणाली आणि देवदर्शनाला निघाल्यासारखी पिशवी घेऊन फिरायला गेली. समोर बसायला तिला धीर होत नव्हता, हे मला कळलं. आजकाल असं थोडंफार कळतं.

गॅलरीत एकटाच बसलो. कानात कोणी सांगणारं नव्हतं. एक तास पन्नास मिनिटं ओढला. तिखट आलं. मग गोड आलं, आणि राहिलं, खूप वेळ राहिलं. कशासारखं ते मला लिहिता येत नाही. पॉलिशसारखं तर मुळीच नाही. पण साडेतीन इंचांवर ओढ अडखळली. चार-पाच झुरके धूर येईनासा झाला, मग पुन्हा मोकळा. आणि जळती कड एका बाजूला कलली. मी पेन हातात घेऊन फार वेळ बसलो. मग खरं ते लिहिलं.

गुण: अठ्ठावन्न.

हिने वहीत डोकावून पाहिलं. "अठ्ठावन्न? स्वतःच्या आईला? माझ्या भावाच्या छत्रीला सत्तर दिले होतेत!"

"तेच चुकलं होतं," मी म्हणालो.

आई परत आली. पायातल्या चपलाही न काढता म्हणाली, "वाच."

मी वाचलं. आधी गुण, मग कारणं. अडखळण्याचं वाक्य आलं तसं तिने हात वर करून मला थांबवलं.

"कुठे? नेमकं कुठे अडला?"

"साडेतीन इंचांवर. फूटपट्टीने मोजून खूण केली होती."

आई खुर्चीत बसली. अंगठा चोळत राहिली. "तिथेच अंगठ्यात कळ आली होती," ती म्हणाली. "जोर जास्त पडला. मला कळलं होतं, पण म्हटलं, कोणाला कळतंय." मग माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या दिवशी मी तिच्या हाताकडे बघितलं होतं. "हे तुला तुझं तुझं कळलं?"

"हो."

"अठ्ठावन्न बरोबर आहेत. मी साठ दिले असते, पण मी आई आहे."

तिने हात पुढे केला. मी गुणांचा कागद वहीतून फाडून दिला. नीट चार घड्या घालून तिने तो पिशवीत ठेवला.

"मंगळवारी मुलींना वाचून दाखवते," ती म्हणाली. "म्हणावं, नीट वळा गं पोरींनो. माझा मुलगा परीक्षक आहे."